मेंदूला मार, छातीत न्यूमोनिया

पक्षाघाताचा झटका आलेला किंवा अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयात दाखल होतो. पहिला दिवस सीटी स्कॅन, आयसीयू आणि धावपळीत जातो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘मेंदूची सूज आटोक्यात आहे, पण छातीत न्यूमोनिया झालाय.’ घरचे चक्रावतात. मार डोक्याला, मग जंतू छातीत कुठून शिरले? बहुतेकांच्या मनात पहिली शंका येते ती हलगर्जीपणाची. कधी तो असतोही. पण काळजी चोख असतानाही हे घडतं, कारण जखमी मेंदू शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच खाली आणतो. हे कसं होतं आणि त्यात आपल्या हातात काय असतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात मेंदूच्या आत होते. रक्तपुरवठा तुटला किंवा मार बसला की काही पेशी मरतात. मेंदूत कायम वस्तीला असलेल्या, कचरा आणि जंतू खाऊन टाकणाऱ्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या लगेच जाग्या होतात. पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तिथे पोचतात आणि दाह सुरू होतो, म्हणजे सूज येते आणि रासायनिक धुमश्चक्री चालू होते. इथे अजून एकही जंतू नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग हा दाह औषधाने दाबून टाकला तर? तर्क सरळ वाटतो, आणि डोक्याच्या माराला स्टेरॉइड देण्याची पद्धत बराच काळ होतीही. ‘क्रॅश’ नावाच्या मोठ्या चाचणीत 10,008 रुग्ण घेतले गेले. 2004 साली निकाल आला, तेव्हा स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. तेव्हापासून डोक्याच्या मारासाठी सरसकट स्टेरॉइड देणं थांबलं. दाह नुकसान करतो, पण मेलेल्या पेशींची साफसफाईही तोच करतो. म्हणूनच तो नुसता बंद करून भागत नाही.

पुढचा टप्पा मेंदूच्या बाहेरचा. संकटात छाती धडधडवणारी, घाम फोडणारी जी मज्जासंस्था असते, तिला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. मेंदूला इजा झाली की ती जोरात चालू होते. तिचे तंतू प्लीहेत म्हणजे पाणथरीत, यकृतात, जिथे जिथे प्रतिकारपेशींचे साठे असतात तिथे पोचलेले असतात. ॲड्रिनलिनच्या कुळातली रसायनं तिथे ओतली जातात, आणि लिम्फोसाइट म्हणजे जंतू ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भराभर मरू लागतात. ज्या उरतात त्यांचाही जोर ओसरतो.

हे नीट उलगडलं बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी. 2003 साली कोन्स्टांटिन प्रास, आंद्रेआस माइझेल, उलरिच डिर्नागल आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये कृत्रिम पक्षाघात घडवला. कोणतेही जंतू टोचले नव्हते, तरी तीन दिवसांत उंदरांना न्यूमोनिया झाला आणि रक्तात जंतू सापडले. प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ब्लड प्रेशरसाठी वापरलं जाणारं एक जुनं औषध, देऊन अनुकंपी मज्जासंस्थेचा संदेश अडवला, तर हा संसर्ग टळत होता.

याच गटाने नंतर जंतू मोजून दिले. पक्षाघात झालेल्या उंदराच्या नाकात न्यूमोनियाचे फक्त 200 जंतू सोडले तरी तो गंभीर आजारी पडला. तेवढंच आजारपण यायला पक्षाघात न झालेल्या उंदराला 2,00,000 जंतू लागले. हजारपट फरक! एरवी आपल्या लक्षातही न येणारा थुंकीचा एखादा थेंब या काळात पुरेसा ठरतो, तो यामुळे.

यावरून ‘मग प्रोप्रॅनोलॉलच का देत नाहीत?’ असं विचारावंसं वाटेल. उंदरांमधला हा परिणाम माणसांमध्ये तितका स्पष्ट दिसलेला नाही, त्यामुळे न्यूमोनिया टाळण्यासाठी हे औषध सर्रास दिलं जात नाही. शरीर असं स्वतःला दुबळं का करून घेतं, यावरही एक तर्क मांडला जातो. इजेमुळे मेंदूतले जे घटक रक्तात सांडतात, त्यांना परके समजून प्रतिकारपेशींनी मेंदूवरच चाल करू नये, म्हणून हा लगाम असावा. तर्क मला पटण्यासारखा वाटतो, पण तो तर्कच आहे.

आपल्याला हा बदल रक्ताच्या साध्या तपासणीतही दिसू शकतो. सीबीसीच्या कागदावर लिम्फोसाइटचा आकडा खाली आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा वर असतो. मात्र तेवढ्यावरून घरी निष्कर्ष काढू नये. ताण, औषधं, इतर आजार यांनीही तो हलतो. आणि प्रतिकार दबलेला असताना संसर्ग झाला, तरी ताप फारसा चढेलच असं नाही. वाढलेला श्वास, जास्तीची झोप, एकाएकी आलेला गोंधळ हीच खूण असू शकते. ‘ताप नाही, म्हणजे सगळं ठीक’ ही समजूत इथे महागात पडते.

आता जंतू शिरतात कुठून? मुख्य वाट घशातून. गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद करणं हे मेंदूचंच काम. ते चुकलं की पाणी, अन्न, लाळ फुफ्फुसात उतरते. निरोगी माणसाला अशा वेळी जोरदार ठसका लागतो. मेंदूच्या रुग्णाला तो लागेलच असं नाही. आवाज न करता अन्न फुफ्फुसात जात राहतं आणि पलंगाशेजारी बसलेल्या माणसाला काही कळत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. ‘सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, ओठ सुकलेत’ म्हणून मावशी किंवा मुलगा चमच्याने पाणी पाजतो. हेतू मायेचाच असतो. पण कमजोर घशाला पाणीच सर्वांत अवघड, कारण ते वेगाने वाहतं आणि घशाला सावरायला वेळ मिळत नाही. गिळण्याच्या काही तपासण्यांमध्ये म्हणूनच आधी दाटसर पदार्थ देऊन पाहतात आणि पाणी नंतर. ही तपासणी प्रशिक्षित नर्स किंवा स्पीच थेरपिस्ट करतात. ती होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही. चहा नाही, तीर्थ नाही, गोळीही नाही. ओठ सुकले असतील तर ओल्या कापडाने पुसता येतात.

परवानगी मिळाल्यावरही कोणता पदार्थ किती दाट, हे विचारून घ्यावं. पातळ पेजेत तरंगणारी भाताची शितं आजाऱ्यासाठी हलकी असं आपण समजतो, पण घशाला पातळ आणि घट्ट एकाच वेळी सांभाळावं लागतं, म्हणून ती कठीण. त्यापेक्षा एकजीव घोटलेली, चमच्यावरून न ओघळणारी खिचडी सोपी जाते. रुग्ण पूर्ण जागा असावा, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. झोपाळलेल्या माणसाला भरवू नये.

नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब घातली की प्रश्न मिटला, असंही वाटतं. तो मिटत नाही. लाळ तर घशातच राहते, आणि पोटातलं अन्न उलट वर येऊ शकतं. म्हणून नळीतून देताना पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली हवी, आणि नंतरही काही वेळ तशीच. बार्सिलोनात 1999 साली व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर हे तपासलं होतं. उताण्या झोपवलेल्यांपैकी 34 टक्के रुग्णांत डॉक्टरांना न्यूमोनियाची शंका आली, अर्धवट बसवलेल्यांपैकी 8 टक्क्यांत.

तोंडाची स्वच्छता तर राहूनच जाते. ‘ते तोंडाने खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे?’ उलट, न खाणाऱ्याच्या तोंडात लाळ साचते, जंतू वाढतात आणि तीच लाळ खाली उतरते. नर्सला विचारून मऊ ब्रशने दिवसातून दोन-तीनदा दात आणि जीभ साफ करावी, कवळी रात्री काढून धुवावी.

इतर वाटा थोडक्यात. लघवीची नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. ‘आज हिची गरज आहे का?’ हे रोज विचारायला संकोचू नये. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी. व्हीलचेअरवर घेताना ती मांडीवर ठेवली जाते, आणि साचलेली लघवी उलट वाहते. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव ठिबकत असेल, तर तो सर्दी समजून शिंकरू नये. कवटीच्या तळाला तडा जाऊन मेंदूभोवतालचं पाणी बाहेर येत असू शकतं, आणि त्याच तड्यातून जंतू आत जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. ताबडतोब डॉक्टरांना सांगावं.

एवढं सगळं करण्यापेक्षा आधीच अँटिबायोटिक सुरू केलं तर? हा प्रश्न नातेवाईक विचारतात तसा संशोधकांनीही विचारला. 2015 साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर पक्षाघाताच्या रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवस सेफ्ट्रायॅक्सोन दिलं. लघवीचे संसर्ग कमी झाले, पण तीन महिन्यांनी रुग्ण किती सावरले यात फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये गिळता न येणाऱ्या रुग्णांना सात दिवस औषध देऊनही न्यूमोनिया कमी झाला नाही.

वेगळा निकाल फ्रान्समधून 2024 साली आला. तिथे मेंदूला गंभीर इजा होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांना श्वासनळीत नळी घातल्यावर 12 तासांच्या आत सेफ्ट्रायॅक्सोनचा एकच डोस दिला. पहिल्या आठवड्यातला न्यूमोनिया 32 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आला. एकच डोस, तोही नळी घालताना घशातले जंतू खाली ढकलले जातात नेमक्या त्या वेळी. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला हा निकाल लावता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी ‘आत्ता अँटिबायोटिक नको’ म्हटलं तर त्यामागे कंजुषी शोधू नये.

मला सर्वांत बोलकी वाटते ती ऑस्ट्रेलियातली 2011 ची चाचणी. न्यू साउथ वेल्समधल्या 19 पक्षाघात विभागांपैकी काहींत नर्सना पहिल्या 72 तासांसाठी तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या: ताप 37.5 अंश सेल्सिअसला पोचताच उतरवणं, रक्तातली साखर सांभाळणं आणि काही भरवण्याआधी गिळणं तपासणं. नवं औषध नाही, यंत्र नाही. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन आलेल्यांचं प्रमाण एरवीच्या विभागांत 58 टक्के होतं, या विभागांत 42.

यानंतर येतं पुनर्वसन, म्हणजे फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव, चालणं. इथेही घाई नडते. ‘ॲव्हर्ट’ या 2,104 रुग्णांच्या चाचणीत पक्षाघातानंतर 24 तासांच्या आत भरपूर उठवणं-चालवणं सुरू केलं, तर परिणाम किंचित वाईटच निघाले. थोडा थोडा वेळ, पण वारंवार उठवणं जास्त मानवतं. बसवल्याने फुफ्फुसं मोकळी होतात, कफ सुटतो, म्हणजे हा सराव संसर्गाविरुद्धचाही उपाय असतो.

सरावात प्रगती होत असताना माणूस अचानक मागे पडला, काल उचललेला हात आज उचलेना, तर घरचे म्हणतात, ‘कंटाळा करतोय.’ आधी संसर्ग शोधावा. बाहेरच्या संसर्गाची रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात, ताप जखमी पेशींवरचा भार वाढवतो, आणि मेंदूने महत्प्रयासाने जुळवलेली नवी जोडणी तात्पुरती अडखळते.

हे महिन्यांनंतर, घरी आल्यावरही घडतं. पूर्ण सुधारलेलं बोलणं लघवीच्या साध्या संसर्गात पुन्हा बोबडं होतं, तोंड पुन्हा वाकडं दिसतं. संसर्ग उतरला की तेही उतरतं. मात्र हा जुना झटका डोकावतोय की नवा आलाय, हे घरी ओळखता येत नाही. पक्षाघातावरच्या इंजेक्शनला मोजके तासच मिळतात, म्हणून थेट रुग्णालय गाठावं आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ डॉक्टरांना सांगावी. घरी परतताना फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल विचारून घ्यावं, आणि डिस्चार्जच्या कागदावर गिळण्याबद्दलची सूचना लिहिलेली नसेल, तर ती तिथेच लिहून मागावी.