पळसदरीचं पाणी आणि त्याचे उद्योग

जुलैत कर्जत सोडून खोपोलीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात गाडीच्या काचा खाली होतात. समोर डोंगराची काळीभोर भिंत, तिच्यावर पांढऱ्या रेघा आणि मागच्या सीटवरून एकच गलका: "तो बघ! अगं तो नाही, त्याच्या बाजूचा!" पळसदरी आली. इथला धबधबा बघायला माणसं लांबून येतात. पण या एवढ्याशा पट्ट्यात पाण्याने काय काय उद्योग करून ठेवलेत ते ठाऊक असेल, तर भिजण्याची गंमत दुप्पट होते.

सुरुवात नावापासून. पळसाची केशरी फुलं वसंतातली, त्यामुळे पावसाळी सहलीत पळस ओळखायचा तो पानांवरून. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण मुलांना इथे मोजून दाखवा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मात्र ती तीन पानं नव्हेतच, एकाच पानाची तीन दलं आहेत! पत्रावळीला लागतात तीच ही.

इंजिनांची तहान

पळसदरीचं धरण रेल्वेचं आहे. कोळशाची इंजिनं धावत तेव्हा कोळशाबरोबरच त्यांना भरपूर पाणीही लागे, आणि पुढे तर बोरघाटाची चढण. ती चढण चढणाऱ्या इंजिनांची तहान या तलावाने भागवली. आज काठावरून दिसणारं शांत पाणी एकेकाळी वाफ होऊन गाड्या वर ढकलत होतं, हे मला तरी धबधब्यापेक्षा कमी थरारक वाटत नाही.

आणि ती चढण म्हणजे काय होती! बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली 1853 मध्ये. तीनच वर्षांनी, मे 1856 मध्ये, रूळ पळसदरीवरून खोपोलीला पोचले. म्हणजे पुण्याला मुंबईची गाडी मिळण्याआधी खोपोलीला मिळाली. पुढे घाट आडवा. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची. हा खटाटोप संपला 1863 मध्ये, घाटातून रूळ वर गेले तेव्हा. पळसदरीपासून 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, आणि सर्वांत अवघड ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट चढ. 1861 च्या सुमारास या कामावर 42 हजारांहून जास्त माणसं राबत होती. पटकीने आणि तापाने त्यातली किती गेली! कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला, तेव्हा कंत्राटाची जबाबदारी त्याची बायको अ‍ॅलिस हिने उचलली. एकोणिसाव्या शतकात, परक्या मुलखात, नवऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच. बोगद्यात गाडी शिरली की तिची आठवण काढावी.

पळसदरीला आजही रूळ फुटतात. एक फाटा घाटात जातो, दुसरा खोपोलीला. मोटार न काढता यायचं तर हा दुसरा फाटा झकास. कर्जत ते खोपोली जेमतेम 15 किलोमीटर, आणि स्टेशनांची नावं ओळीने म्हणून बघा, बडबडगीतच होतं: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली.

न दिसणारा धबधबा

या भागातला सगळ्यात जबरदस्त धबधबा कोणता? माझं उत्तर: जो दिसत नाही तो. खोपोलीत टाटांचं वीजघर आहे, 1915 पासूनचं. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचं पाणी जाडजूड लोखंडी नळांतून 500 मीटरांहून खाली सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालल्या. घाटात पडणारा बेसुमार पाऊस कामाला लावायचा, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती पुरी झालेली बघायला ते नव्हते. 1904 मध्येच ते गेले.

आता खरी मौज. हे तलाव आहेत घाटमाथ्यावर, इंद्रायणीच्या खोऱ्यात. तिथला थेंब मोकळा सोडला असता तर इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचला असता. नळात शिरला म्हणून तो खोपोलीला उतरतो, पाताळगंगेत मिसळतो आणि धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहती दिसते, ती या पाण्यामुळे.

पळसदरी-कर्जतकडचं पाणी मात्र तिसऱ्याच वाटेने जातं. ते उल्हास नदीचं. राजमाचीच्या दरीतून उतरून, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ते वसईच्या खाडीला जातं. म्हणजे कर्जतहून खोपोलीला जाताना आपण एक पाणलोट ओलांडतो. घाट नाही, खिंड नाही, रस्त्यावर पाटी नाही. पण मागे पडलेला पाऊस वसईला निघालेला असतो आणि पुढे पडणारा धरमतरला.

पायऱ्या कोणी घडवल्या?

धबधबा एका उडीत क्वचितच खाली येतो. टप्पे घेत येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. त्या थरांचा हा डोंगर. थराचा गाभा कातळासारखा कठीण आणि वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला, ठिसूळ. पाणी ठिसूळ ते पोखरतं, कठीण तसंच ठेवतं, आणि पायरी तयार होते. त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कधी पांढरे, कधी हिरवट स्फटिक सापडतात. रेल्वेसाठी डोंगर फोडताना निघालेले असे स्फटिक थेट इंग्लंडच्या संग्रहालयांत गेले.

आणि एक धबधबा असा की ज्याच्या आत बसता येतं. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. पावसात वरच्या कड्यावरून धार सुटते आणि लेण्यांसमोर पडदा धरते. बौद्ध भिक्षू वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात, एका जागी राहत. त्यांनीही चैत्यात बसून हाच पडदा पाहिला असणार. तिथे दगडात एक नाव कोरलंय: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. लेण्यांत दात्यांची नावं खंडीभर सापडतात, पण करणाऱ्याने आपलं नाव लिहून ठेवावं हे दुर्मिळ. एवढ्यासाठी तरी वाट वाकडी करा.

थांबा, हे वाचूनच निघा

इथे आवाज चढवून सांगायचं आहे. खाली ऊन असतं तेव्हाही वर माथ्यावर ढग रिकामा होत असू शकतो, आणि ते पाणी काही मिनिटांत तुमच्यापर्यंत येतं. पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पाला-काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, की वस्तू गोळा करत बसू नका. आधी काठावर या. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात, एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन अनेकदा बंदी घालतं. ती आहे का, हे घरातून निघण्यापूर्वी बघा. असली तर रस्त्यावरून बघायचं, कोंडाण्याला पुन्हा कधीतरी. धबधबा पुढच्या वर्षीही आहे. आणि रुळांवरून चालत धबधबा गाठण्याचा विचार तर मनातही नको.

परतताना घाई करू नका. कर्जतच्या रस्त्याकडेला ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. जूनच्या तोंडाशी आलात तर शेवळं. ती घेताना सोबत काकडं मागून घ्या, कारण शेवळं घशाला खाजतात आणि ती खाज मोडायला ही आंबट, हिरवी फळं लागतात. भाजी कशी करायची हेही त्या बाईंनाच विचारा. निवडण्यापासून फोडणीपर्यंत सगळं सांगतात. भाव मात्र पाडू नका. ती भाजी डोंगर चढून, भिजून वेचलेली असते.

भूक लागलीच असेल, तर कर्जत स्टेशनातला दिवाडकरांचा वडा. घाट चढायला गाडीला मागून जोडइंजिनं लावायची म्हणून गाड्या इथे थांबत, आणि त्या मिनिटांत खिडकीखिडकीशी वडा पोचे. वडा गरम, वर लसणाची चटणी, अंगावर ओले कपडे आणि फलाटाच्या पत्र्यावर पाऊस.