ताटाचाही ब्रिक्स पाहावा



पक्वता पाहणीसाठी आम्ही ऊस विकास विभागाचे लोक शिवारात येतो, तेव्हा बांधावर चहा होतोच. हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, "साहेब, साखर बंद शे, गुळना चहा चालस." आणि त्याच घरी जेवणात दोन मोठ्या भाकरी, वर खिचडी, शेवटी दोन केळी. मग शुगर उतरत नाही म्हणून तक्रार! म्हणून या वेळी लागण-खोडवा बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण रसातली साखर मोजणे हे आमचे रोजचे काम, आणि या दुखण्यातही मोजमापच उपयोगी पडते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हे शहरातल्या बैठ्या लोकांचे दुखणे, असे समजून चालणार नाही.

गूळ काही वेगळा नाही

ब्रिक्स 18 आला म्हणजे 100 ग्रॅम रसात 18 ग्रॅम घन पदार्थ विरघळलेले आहेत, हे आपणास ठाऊक आहे. त्यातली बहुतेक साखरच. म्हणजे बर्फ न घातलेल्या 200 ग्रॅम रसाच्या ग्लासात 30 ग्रॅमच्या आसपास साखर आली. चहाचे सहा चमचे! तोच रस आटवला की गूळ. गुळात थोडी खनिजे राहतात हे खरे, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे.

खरा हिशेब पिठाचा

ज्वारी, बाजरी वा गहू, कोणतेही 100 ग्रॅम पीठ घ्या. त्यात साधारण 65 ते 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. पोटात गेल्यावर त्यांची शेवटी साखरच होते. आता हिशेब करू. दिवसाचे तीन कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे 30 ग्रॅम साखर. आणि दोन वेळच्या मिळून चार भाकरी, भाकरीला 75 ग्रॅम पीठ धरले तर 300 ग्रॅम पीठ, म्हणजे 200 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ. चहाची साखर बंद केली ते चांगलेच केले. पण मोठी गाडी मागच्या दाराने आत येतच राहिली, त्याचे काय?

म्हणून भाकरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. खानदेशी माणसाला भाकरी सोडा म्हणणे म्हणजे उसाला पाणी सोडा म्हणण्यासारखे आहे. पण मोकाट पाणी आणि ठिबक यांतला फरक आपणास सांगायला नको. खाणेही ठिबकसारखे असावे.

1) घरच्या मंडळींनी एकदा कोरडे पीठ तराजूवर तोलावे. आपली भाकरी किती ग्रॅमची हे कळले पाहिजे.
2) ताटाचा अर्धा भाग भरीत, मेथी, पोकळा, गिलके, काकडी यांचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडी यांचा, राहिलेल्या पाव भागात भाकरी.
3) भाकरी व खिचडी दोन्ही नकोत. खिचडी घ्यायची तर भाकरी तितकी कमी.
4) कळण्याची भाकरी चांगली. उडदामुळे प्रथिने व तंतू वाढतात आणि साखर सावकाश चढते. पण मापात.
5) केळी आपले पीक, तरी 100 ग्रॅम गरात 23 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. एक लहान केळे खावे, तेही जेवणावर नको.
6) आखाजीला पुरणपोळी व आमरस, श्रावणात कानबाईचे रोट. सण चुकवू नये, पण त्या दिवशी भाकरी-भात वजा करावा.

धोक्याची सूचना

इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना एकदम खाणे तोडले तर साखर फार खाली जाते. हात कापतात, घाम सुटतो, डोके चालेनासे होते. रात्रीच्या विजेवर उपाशीपोटी पाणी भरायला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खिशात साखरेची पुडी असावी. असे वाटताच तीन चमचे साखर पाण्यात घ्यावी, 15 मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. एरवी टाळायची साखर अशा वेळी औषध ठरते!

30 वर्षांवरील व्यक्तींची साखर तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रात आहे. उपाशीपोटी 100 च्या आत ठीक, 100 ते 125 उंबरठा, 126 किंवा जास्त आल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जावे. जाताना आठवडाभराच्या खाण्याची नोंद वहीत करून न्यावी: किती भाकरी, किती भात, कोणत्या वेळी. नांगरणीच्या दिवसांत आणि रिकाम्या दिवसांत गरज सारखी नसते; नोंद पाहून डॉक्टरांना गोळी आणि भाकरी यांचा मेळ घालता येतो.

खताची मात्रा आपण माती परीक्षणावरून ठरवतो. पोटाची मात्रा अंदाजाने का ठरवावी?