विश्लेषण : गौरीचा तेरडा घरच्या कुंडीत उगवेल का? पावसाळी रानफुलांचे बी कधी, कसे पेरायचे?

भाद्रपदात गौरी येण्याच्या आदल्या दिवशी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या बाजारांत तेरड्याच्या जुड्या दिसू लागतात. कोकणात आणि ठाणे परिसरात अनेक घरांत याच तेरड्याची गौर बसते आणि त्याची मुळे ही गौरीची पावले मानली जातात. त्यामुळे रोप मुळासकट उपटले जाते. मात्र जिथे तेरडा उगवायचा, त्या माळांवर आणि डोंगरउतारांवर आता इमारती आणि रस्ते येत आहेत. अशा वेळी हे रानफूल घरच्या कुंडीत बियांपासून वाढवता येते का, याचा आढावा.

तेरडाच का?

पावसाळी रानफुलांमध्ये घरी वाढवायला सर्वात सोपा तेरडाच. त्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. ‘इम्पेशन्स’ म्हणजे उतावीळ. पिकलेल्या शेंगेला नुसता धक्का लागला तरी तिच्या पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात, त्यावरून हे नाव पडले. रोप एका पावसाळ्यापुरतेच जगते. जूनमध्ये उगवते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि पाऊस सरला की बी टाकून वाळते. म्हणजे पुढच्या वर्षीचा तेरडा पूर्णपणे यंदाच्या बियांवर अवलंबून असतो. शेंगा पिकण्याआधीच एखाद्या उतारावरची सगळी रोपे उपटली गेली, तर तिथे पुढच्या वर्षासाठी बी कमी पडते.

बी कुठून आणायचे?

येऊरच्या जंगलातून नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती काढता येत नाही. त्याऐवजी सोसायटीच्या कुंपणालगत किंवा मोकळ्या भूखंडावर आपोआप उगवलेल्या तेरड्याच्या थोड्या शेंगा घ्याव्यात आणि बाकीच्या झाडावरच राहू द्याव्यात. तेरडा विकायला येणाऱ्या गावाकडच्या बायकांनाही पुढच्या फेरीत पिकलेल्या शेंगा आणायला सांगता येईल. त्यांना त्याचे पैसे मिळतील आणि रोपही जागेवर राहील.

नर्सरीतला गुलाबासारखा भरगच्च पाकळ्यांचा तेरडा याच जातीचा असला, तरी तो शोभेसाठी निवडून तयार केलेला वाण आहे. दाट पाकळ्यांमुळे कीटकांना मधापर्यंत पोहोचणे अवघड जाते. रानातल्या एकेरी फुलामागे मधाची बारीक नळी असते आणि तिच्यासाठी मधमाश्या व फुलपाखरे येतात.

शेंगा फुटण्याआधी बी कसे गोळा करायचे?

शेंग टपोरी होऊन तिचा हिरवा रंग फिकट पडू लागला की तिला मलमलच्या कापडाची छोटी पिशवी सैल बांधावी. शेंग फुटली की बी पिशवीतच राहते. ते चार-पाच दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकून बुरशी धरते. फ्रिजची गरज नाही, कारण निसर्गातही हे बी उन्हाळ्याच्या तापलेल्या मातीतच पावसाची वाट पाहते.

पेरणी केव्हा आणि कशी?

पहिला चांगला पाऊस झाल्यावर, साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. पेरल्यापासून फुलायला ढोबळमानाने दोन महिने लागतात. गौरी कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर येतात. त्यामुळे थोडे बी जूनमध्ये आणि थोडे जुलैच्या सुरुवातीला पेरले तर सणाला फुले मिळण्याची शक्यता वाढते.

लाल माती आणि शेणखत किंवा गांडूळखत मिसळून कुंडी भरावी. बी खोल पुरू नये, वरून मातीचा पातळ थर पुरे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. चार पाने आल्यावर मोठ्या कुंडीत एक-दोन जोमदार रोपेच ठेवावीत. निदान अर्धा दिवस उजेड मिळेल अशी जागा हवी.

ओलावा किती हवा?

तेरड्याचे खोड पाणीदार असते. माती कोरडी पडली की काही तासांत रोप मान टाकते. पण मुळाशी पाणी साचले तर ते कुजते. त्यामुळे कुंडीच्या तळाला भोके हवीतच. बाल्कनीला छज्जा असेल तर पाऊस कुंडीपर्यंत पोहोचत नाही, तिथे भर पावसाळ्यातही पाणी घालावे लागते. कुंडीखालची ताटली मात्र रोज रिकामी करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला आठवडा-दहा दिवस आणि थोडेसे साचलेले पाणी पुरते.

आणखी काय लावता येईल?

पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा कुरडू बियांपासून सहज येतो आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते. निळ्या फुलांचा केना ओल्या जागी आपसूक उगवतो. जमिनीखालीही बंद फुले येऊन बी धरणारी ही वनस्पती आहे, त्यामुळे तो कुंडीभर पसरतो.

कोणत्या फुलांच्या वाटेला जाऊ नये?

कासच्या पठारावर दिसणारी सीतेची आसवे किंवा दवबिंदू आणून लावण्याचा मोह टाळावा. या कीटकभक्षी वनस्पती खडकावरच्या पातळ, निकस, ओल्या मातीत वाढतात. खतावलेल्या कुंडीत त्या टिकत नाहीत. कळलावी दिसायला देखणी, पण तिच्या कंदासह सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ती नकोच.

घरच्या कुंडीने डोंगर वाचेल का?

नाही. उतारावरची माती आणि मोकळी जागा राहिली तरच रानातला तेरडा राहील. पण घरी चार रोपे वाढली तर सणासाठी तेवढी रोपे उपटावी लागणार नाहीत. त्यातले एखादे गौरीला न वाहता कुंडीतच राहू दिले, तर पुढच्या जूनसाठी बी घरातच तयार होईल आणि शेजाऱ्यांनाही देता येईल. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलापुरती खरी आहे, बी सांभाळले तर तो दरवर्षी परतून येतो.