रक्तकोशिकाभक्षी लक्षणसमूह, प्रौढांतील

प्रतिरक्षा यंत्रणेवरील नियंत्रण सुटल्यामुळे महाभक्षी कोशिका शरीराच्याच रक्तकोशिका गिळू लागतात, अशी गंभीर विकृती. न उतरणारा ज्वर, प्लीहेची (पाणथरीची) वाढ आणि रक्तकोशिकांची घट ही तिची मुख्य लक्षणे होत. स्कॉट व रॉब-स्मिथ यांनी १९३९ मध्ये प्रौढांतील अशा रुग्णांचे वर्णन केले. १९५२ मध्ये अर्भकांतील आनुवंशिक प्रकार वर्णिला गेल्यावर मात्र ती दीर्घकाळ बालरोग मानली गेली.

निरोगी अवस्थेत मारक लसीका कोशिका परफोरिन या प्रथिनाच्या साहाय्याने संक्रामित कोशिका नष्ट करतात व नंतर स्वतः शांत होतात. हे कार्य अपुरे पडल्यास त्या उद्दीपितच राहतात. त्यांच्यापासून स्रवणाऱ्या इंटरफेरॉनामुळे महाभक्षी कोशिका अनावर होतात. प्रौढांत या स्थितीस बहुधा दुसरा रोग कारणीभूत असतो : लसीकार्बुद (लसीका ऊतकाचा कर्करोग), एप्स्टाइन-बार व इतर विषाणू, क्षयरोग, तसेच संधिशोथासारखे आत्मप्रतिरक्षाजन्य विकार. भारतात डेंग्यू, हिवताप, आंत्रज्वर (विषमज्वर), काळा आजार व स्क्रब टायफस यांचाही विचार करावा लागतो.

मराठवाड्यात पावसाळ्यात व त्यानंतर तापाचे रुग्ण वाढतात. चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयात येणाऱ्या अशा रुग्णाच्या बिंबाणूंची (प्लेटलेटची) संख्या घटलेली दिसली की प्रथम डेंग्यूची शंका येते, आणि ती योग्यच असते. परंतु डेंग्यूत ताप सामान्यतः आठवड्याच्या आत उतरतो व त्यानंतर बिंबाणू वाढू लागतात. ताप टिकून राहिला, प्लीहा वाढली आणि तांबड्या व पांढऱ्या कोशिकाही घटू लागल्या, तर मूळ निदानावर विसंबून राहणे घातक ठरते. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली होती. या रोगात सूक्ष्म चिगर किड्याच्या दंशाच्या जागी काळी खपली धरते. ती काखेत किंवा जांघेत असल्यास सहज नजरेआड होते. ती वेळीच सापडून डॉक्सिसायक्लीन सुरू केल्यास कित्येकदा हा लक्षणसमूहही ओसरतो.

रक्तातील फेरिटिनाचे प्रमाण फार वाढणे हा महत्त्वाचा संकेत होय. मात्र ते इतर तीव्र संक्रामणांतही वाढत असल्याने केवळ त्यावरून निदान होत नाही. २००४ च्या निकषांत आठांपैकी पाच बाबी आवश्यक मानल्या आहेत. ज्वर, प्लीहावृद्धी, कोशिकान्यूनता व फेरिटीन यांखेरीज ट्रायग्लिसराइडांची वाढ किंवा फायब्रिनोजेनाची घट यांचा त्यांत समावेश होतो. अस्थिमज्जेत भक्षण दिसणे हीही त्यांतील एक बाब आहे. नावावरून वाटते तशी ती अनिवार्य नाही आणि प्रारंभी ती आढळत नसल्यास रोग नाही असे ठरत नाही.

उपचारात मूळ कारणाचा शोध आणि प्रक्षोभाचे शमन ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. डेक्सामेथासोन व तीव्र अवस्थेत एटोपोसाइड ही औषधे वापरतात. लसीकार्बुदाची शंका असल्यास शक्य तेथे स्टेरॉइडापूर्वी ऊतक तपासणीसाठी घ्यावे, कारण स्टेरॉइडामुळे अर्बुद तात्पुरते आकसून निदान हुकते. अर्थात रुग्ण अत्यवस्थ असल्यास उपचार थांबवून धरणे योग्य नव्हे.

प्रौढ रुग्णांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मृत्यूचे प्रमाण सु. ४१% आढळले. कर्करोगजन्य प्रकारात परिणाम अधिक वाईट असतो, तर उपचारक्षम संक्रामणात तो तुलनेने बरा असतो. वारंवार उलटणाऱ्या विकारात जननिक दोष तपासतात व योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे प्रतिरोपण करतात.