कामावर परतलेल्या आईचं दूध आणि ऑफिसातले गैरसमज

‘सहा महिने घरी बसून पगार घेतला, आता आणखी सवलत कशाची?’ बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईच्या पाठीमागे हे हमखास बोललं जातं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे खरं. पण त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ज्या बाईने ते घेतले, तिचं बाळ ती कामावर हजर होते तेव्हा १८ आठवड्यांचं, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं असतं. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि पुढेही अंगावर पाजावं.

शिवाय ही सवलत म्हणजे साहेबांची मेहेरबानी नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला आणि त्याचा पगार कापायला मनाई केली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. ‘हे कायम नोकरीवाल्यांना’ असंही म्हणतात. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच त्यांनाही मातृत्व लाभ लागू असल्याचं स्पष्ट केलं.

पाळणाघराबाबत गोंधळ अजून मोठा. ‘आमच्याकडे पन्नास बायका कुठे आहेत?’ असं ठणकावून सांगणारे व्यवस्थापक भेटतात. पाळणाघर सक्तीचं होण्याची अट ५० कर्मचाऱ्यांची आहे, पुरुष धरून. चूक होण्याला कारण आहे म्हणा. १९४८च्या कारखाना कायद्यात ३०पेक्षा जास्त स्त्री कामगार अशी मोजणी होती. पाळणाघर असेल तिथे आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं, विश्रांतीची सुट्टी त्यातच धरून.

‘दोन-चार तास थांबलं तर काय बिघडतं?’ हा प्रश्न बहुधा ज्याला थांबावं लागत नाही तोच विचारतो. दूध जितकं बाहेर निघतं तितकं नवं तयार होतं. साचून राहिलं की शरीर आपोआप निर्मिती आखडती घेतं. मीटिंग लांबते, छाती दगडासारखी होते, ब्लाउज भिजतो, पदर किंवा ओढणी पुढे ओढून बाई बसून राहते. असं रोज झालं तर गाठी होतात, कधी थंडी वाजून ताप येतो, आणि महिन्याभरात ‘माझं दूधच आटलं’ म्हणून पावडरचा डबा घरात येतो. दूध मुळात कमी नसतं, ते काढायला वेळ मिळालेला नसतो.

गैरसमज घरातही असतात. ‘उन्हातून, दगदगीतून आलीस, पहिली धार पिळून टाक, बाळाला बाधेल.’ टाकायची गरज नाही. दूध शरीरात नासत नाही. पिळून ठेवलेल्या दुधावर साय आल्यासारखा थर दिसला की ते फुटलं असं समजून मोरीत ओततात. तो स्निग्धांश वर आलेला असतो, हलक्या हाताने हलवलं की मिसळतो. साधारण २५ अंश तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये आत, दारात नव्हे, चार दिवस ते चांगलं राहतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात मात्र बर्फाची पिशवी हवीच. घरी ते वाटी-चमच्याने पाजता येतं, बाटली लागत नाही.

राहिला प्रश्न जागेचा. १९६१च्या कायद्याने वेळ दिला, स्वतंत्र खोलीचा उल्लेख केला नाही. बाळ जवळच असेल, असं तेव्हा गृहीत असावं. आज आई अंधेरीला आणि बाळ डोंबिवलीला असतं, आणि तिला सुचवतात ते बाथरूम. आपण जेवतो का तिथे? एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आले, पण पाटी लावली की काम झालं असं नाही. डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. पुढच्या अधिवेशनात, मुंबईच्या विधान भवनातल्या हिरकणी कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांना करावी लागली.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं त्यात काही नाही. आतून कडी लागणारं दार, खुर्ची, एक प्लग, हात धुवायला बेसिन, फ्रिजमध्ये एक कप्पा. रजेवरून येण्याच्या महिनाभर आधी हे लेखी मागावं, वेळांसकट, आणि पोच घ्यावी.