गाडीखाली शिरण्याआधी

गणपतीला नाहीतर शिमग्याला मुंबईकरांच्या गाड्या हायवे सोडून कोकणातल्या सावर्ड्याच्या आतल्या वाड्यांकडे वळल्या, की एक आवाज हमखास ऐकू येतो: गाडीचं पोट रस्त्याला घासल्याचा. स्विफ्ट किंवा डिझायर घेतली, तर तिच्या पोटाखाली सुमारे 163 मिलिमीटर जागा असते, होंडा सिटीच्या खाली 165. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. मागे तिघं बसली, डिकीत तांदळाचं पोतं आणि नारळ चढले, की त्यातून आणखी काही कमी होतात. मग वाडीचा उतार, पावसाने उघडे पडलेले दगड, गतिरोधक यांपैकी कुणीतरी सायलेन्सरला नाहीतर चेंबरच्या पत्र्याला हिसका देतंच.

दिवाळीपर्यंत पाऊस ओसरतो आणि चार दिवस सवड मिळते. गाडीखाली एकदा नीट बघावं, चिखल धुवावा, ऑइल बदलावं, सायलेन्सरचं लोंबणारं रबर बसवावं असं घरोघरी कुणाला तरी वाटतं. वाटायलाच हवं. आपली गाडी खालून कशी दिसते हे ठाऊक असलेला माणूस ती जपूनही चालवतो. पण बुटकी गाडी उचलायची म्हणजे पंचाईत असते. बाजारात सहज मिळणारा दोन टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी 130 ते 140 मिलिमीटर उंच असतो. तो बंपरखालून कसाबसा शिरतो, पण दांडा मारायला जागा राहत नाही. टायर बसलेलं असेल तर शिरतही नाही. बाटली जॅक साधारण 180 ते 200 मिलिमीटर उंच, त्यामुळे तो बादच. अशा वेळी घाईने जे उपाय केले जातात, त्यांतून अपघात होतात.

जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. या लेखातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपला ट्रॉली जॅक आजही त्याच तत्त्वावर चालतो: लहान दट्ट्याने तेल ढकलायचं, मोठा दट्ट्या भार उचलतो. हा सगळा भार पेलतं ते कोंडलेलं तेल, आणि तेल कोंडून ठेवतात रबराचं सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकला, की जॅक हळूहळू बसतो, कधी एका दमात. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा स्क्रू जॅक तसा आपोआप बसत नाही, पण त्याचा तळ अरुंद असतो. गाडी जरा पुढेमागे सरकली की तो आडवा पडतो. तो स्टेपनी बदलण्यापुरता दिलेला असतो. दिव्याखाली असो वा भर उन्हात, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

शहरातल्या माहितीपत्रकात ‘सपाट, टणक जागा निवडा’ एवढं एक वाक्य असतं. आपल्याकडे खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. सावर्ड्याच्या भागात सपाट अंगण म्हणजे बहुधा उतारावर भर घालून केलेलं अंगण, आणि तेही पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला मुद्दाम कललेलं. डोळ्यांना हा उतार दिसत नाही. गवंड्याची पाण्याची नळी दोन टोकांना धरली की लगेच कळतो. चार महिने पावसात भिजलेल्या चिऱ्यांवर आणि कोब्यावर दिवाळीतही शेवाळाचा पातळ थर असतो. तो खरवडून, जागा कडक उन्हात वाळवून मगच गाडी आणावी. नुसत्या लाल मातीवर तर काम करूच नये. वरून ती कडक वाटते, पण उचललेली गाडी धरून ठेवणाऱ्या लोखंडी स्टँडच्या चार लहान पायांवर गाडीच्या एका कोपऱ्याचा तीनेकशे किलो भार आला, की एखादा पाय नेमका रुततो आणि स्टँड कलतो.

ट्रॉली जॅकला जमिनीचा आणखी एक त्रास होतो. त्याचा वरचा वाडगा सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना जॅकने स्वतःच्या चाकांवर थोडं गाडीखाली सरकायला हवं. चाकं मातीत किंवा फरशीच्या फटीत अडकली, तर जॅक सरकत नाही आणि वाडगा गाडीच्या पत्र्यावरून घसरतो. खाली जाड प्लायवूड घालावं, पण ते जॅकपेक्षा लांब हवं, म्हणजे चाकांना फिरायला जागा राहील.

आणि चिरा. घराभोवती पडलेला जांभ्याचा चिरा गाडीखाली सरकवावासा वाटणं साहजिक आहे, कारण आपली घरं त्याच चिऱ्यांवर उभी आहेत. पण भिंतीत तो चारी बाजूंनी बांधलेला असतो आणि भार पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो. गाडीच्या अरुंद कडेखाली तोच भार बोटभर जागेवर येतो. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो आणि ओला असताना कमकुवत होतो. तो वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. पोकळ सिमेंट ब्लॉक आणि विटांचंही तसंच. जॅकखाली नाही आणि गाडीखालीही नाही.

मग बुटकी गाडी उचलायची कशी? सगळ्यात सोपा उपाय सुताराकडे आहे. ऐन किंवा फणसाच्या, तडा न गेलेल्या, चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या घ्याव्यात. टायरपेक्षा रुंद, हाताएवढ्या लांब, एका टोकाला तासून उतार दिलेल्या आणि दुसऱ्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेल्या, म्हणजे चाक पुढे निसटणार नाही. पुढची दोन्ही चाकं त्यांवर हळू चढवायची. दिशा सांगणाऱ्याने बाजूला उभं राहावं, गाडीसमोर नाही. एवढ्या चढाने पुढचा भाग चार-पाच सेंटिमीटर वर येतो आणि साधा जॅक मोकळेपणाने आत जातो. 75 ते 90 मिलिमीटर उंचीचे खास बुटके जॅकही मिळतात. पैसे असतील तर जरूर घ्यावेत, पण फळ्या जवळ असू द्याव्यात.

जॅकने उचलण्याआधी हँडब्रेक आणि गिअर यांचा विचार करावा. बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिन पुढची चाकं फिरवतं. म्हणून मागची बाजू उचलली की हँडब्रेकची पकड जमिनीवरून सुटते, आणि गाडी थांबवायला गिअरच उरतो. पण पुढचं एकच चाक उचललं तर गिअरही उपयोगाचा नाही: डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुटं होतं. तेव्हा दोन्ही लावावेत, आणि जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी पाचरा ठोकाव्यात. गोल दगड नको, तो चाकाबरोबर घरंगळतो. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्ह्याला हिसके देणं म्हणजे गाडी जॅकवरून पाडण्याचीच तयारी.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर असते. पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे बोट फिरवलं, की बहुतेक गाड्यांत प्रत्येक ठिकाणी जवळजवळ दोन लहान खाचा लागतात. त्या दोन खाचांमधली जागा मजबूत केलेली असते, बाकीची कड चेपते. मधोमध खाच पाडलेला रबराचा ठोकळा ठेवला तर कड वाकत नाही. चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सर यांना जॅक कधीही लावू नये. मात्र जॅक आणि स्टँड दोघांना तीच जागा हवी असते, ही अडचण खरी आहे. पुढच्या बाजूला मध्यभागी उचलायची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवली असेल, तर तिथे जॅक लावून दोन्ही कडांखाली स्टँड सरकवता येतात. दाखवली नसेल तर अंदाज बांधू नये, गॅरेजमध्ये जावं. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते, तिथे तर कंपनीने दाखवलेल्या जागेपलीकडे बोटभरही सरकू नये.

कोकणात या कडेची आधी परीक्षा घ्यावी लागते. तिच्या खालून पाणी निचरायला बारीक भोकं असतात. लाल चिखलाने ती बुजली, की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात बुडून पुन्हा रस्त्यावर आलेल्या गाड्यांबाबत तर ही शंका धरूनच चालावं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडेवर ठोकावं. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, रंगाला फुगे दिसले किंवा गंजाची पूड गळली, तर ही गाडी घरी उचलायची नाही.

जॅकने हवी तेवढी उंची आली की स्टँड लावायचे. 2020 मध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या साखळीने आपले लाखो स्टँड परत मागवले, कारण काहींचे दाते भाराखाली सुटू शकत होते. तेव्हा दातांबरोबर आरपार पिनही असलेला स्टँड निवडावा. जॅक हळूहळू सोडून भार स्टँडवर येऊ द्यावा, चारी पाय टेकलेत का वाकून बघावं आणि मग बाजूला उभं राहून गाडीला खांद्याने जोरात ढकलून पाहावं. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक कडेखाली आडवं सरकवून ठेवावं, जॅकही हलका टेकलेला असू द्यावा. कामाच्या वेळी घरातलं एक मोठं माणूस अंगणात हवं, पोरं आणि कुत्री दूर.

तयार लोखंडी रॅम्प चांगले असतात, पण गुळगुळीत लादीवर पुढच्या चाकांवर चालणारी गाडी त्यांना पुढे ढकलते. त्यांच्याखाली रबरी चटई हवी. एसटीच्या डेपोत असतो तसा खड्डा घरी खणण्याचा मोह मात्र टाळावा. कोकणात तो पावसात भरतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने नेमकी त्यात साचते.

गाडी उतरवताना आधी खालची हत्यारं मोजून बाहेर काढावीत. जॅकने गाडी किंचित उचलून स्टँड काढावेत आणि व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून तिला सावकाश खाली येऊ द्यावं. नट अखेरचे आवळायचे ते चाक जमिनीवर टेकल्यावर, समोरासमोरच्या जोड्यांनी, पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने. पान्ह्यावर उभं राहून नाही. भाऊबीज आटोपून मुंबईला परतताना महाडला चहाला थांबाल, तेव्हा ऐंशी-नव्वद किलोमीटर झालेले असतील. टायर जरा निवू द्यावेत आणि चाकं काढली होती त्या बाजूचे नट पुन्हा एकदा तपासावेत.