रुईवरचा नाकतोडा आणि त्याचे भाऊबंद

धुळ्याच्या माळावर रुईच्या झुडपावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा आपण पाहतो. १७७५ साली फाब्रिसियसने त्याला ‘पिक्टस’, म्हणजे रंगवलेला, असे नाव दिले. कपाशीची कोवळी रोपे कुरतडणारा क्रोटोगोनस मातकट, बसका. गवतातला ॲट्रॅक्टोमॉर्फा हिरवा, सडपातळ. रंगरूपात साम्य नाही, तरी तिघेही पिर्गोमॉर्फिडी कुलातले! उलट निमुळत्या डोक्याचा ॲक्रिडा ॲट्रॅक्टोमॉर्फासारखा दिसूनही दुसऱ्या कुलातला.

मग ओळखायचे कसे? भिंगातून डोक्याचे टोक पाहू. पिर्गोमॉर्फिडींत तेथे बारीक उभी खाच असते; ॲक्रिडात नसते. रुईवरचे पिल्लू मात्र विद्यार्थ्यांनी जपून धरावे. चिमटीत येताच ते द्रवाची पिचकारी मारते, आणि रुईच्या चिकातले विष या नाकतोड्याच्या अंगात साठलेले असते.